पाच तारखेचा ताप

बँकेचा हप्ता पाच तारखेला कापला जातो आणि आमच्या गल्लीतले पगार होतात सात ते दहाच्या दरम्यान. त्यामुळे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात माझ्या दवाखान्याच्या आसपास कुणीही आजारी पडत नाही. खोकला असतो, तो मिठाच्या गुळण्यांवर काढतात. ताप असतो, तो घरात कुणाची तरी उरलेली गोळी खाऊन उतरवतात. दहा तारीख उलटली की मग त्याच खोकल्याची रीतसर दखल घेतली जाते. साडेचार वर्षं एमबीबीएस आणि वर वर्षभर इंटर्नशिप एवढं करूनही रोगाचा पगाराशी असलेला हा संबंध मला कुणी शिकवला नव्हता. तो शिकवला बँकेच्या एका एसएमएसनं: आपल्या खात्यात पुरेशी शिल्लक नाही.

कर्ज मुळात 20 लाखांचं. खासगी मेडिकल कॉलेज. नाव सांगत नाही, कारण ते काढलं की बाबांचं बीपी वाढतं आणि तपासणी मलाच करावी लागते, तीही फुकट. उरलेली फी बाबांच्या प्रॉव्हिडंट फंडातून आणि आईच्या पाटल्यांतून गेली. साडेसात लाखांच्या वर शैक्षणिक कर्ज म्हटलं की तारण लागतं, म्हणून राहतं घर बँकेकडे. अभ्यासक्रम संपून वर्ष होईपर्यंत हप्ता नाही, हे ऐकून घरात तेव्हा पेढे वाटले होते. पण हप्ता झोपला होता, व्याज जागं होतं. सवलतीचा काळ संपला तेव्हा 20 चे 29 लाख झालेले. त्यावर साडेदहा टक्क्यांनी 15 वर्षं, म्हणजे महिन्याला 32 हजार आणि वर किरकोळ. पहिल्या हप्त्यातले 25 हजारांहून जास्त नुसत्या व्याजात गेले. मुद्दलाला उरले साडेसहा हजारांच्या आसपास, तेही बँकेनं उपकार केल्यासारखे वळते केले.

मी कागद बाबांसमोर ठेवला.

"म्हणजे एकूण किती भरायचे?"

"साडेसत्तावन्न लाखांच्या वर."

बाबांनी चष्मा काढून पुसला. "मग शिक्षण नक्की कुणाचं झालं?"

माझी फी 100 रुपये. म्हणजे महिन्याला 320 पेशंट एकट्या बँकेचे. त्यानंतरचे जागामालकाचे, मग वीजबिलाचे, मग दवाखान्यातल्या मावशींच्या पगाराचे, आणि यातून कुणी आजारी उरलाच तर तो माझा. हा हिशोब एकदा डोक्यात बसला की माणूस कामातून जातो. चप्पल तुटली तर मला सहा पेशंट दिसतात. मित्र हॉटेलात जाऊया म्हणाला की मी मनातल्या मनात म्हणतो, नको रे, आठ सर्दी-पडसं आणि एक जुलाब.

त्यातून दवाखाना काढला कुठे, तर मिरजेत. 1894 मध्ये डॉ. वॉन्लेस यांनी इथे मिशनचं हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून या गावाला डॉक्टरांचा तुटवडा म्हणून माहीत नाही. त्यांच्या नावानं पुढे अख्खी वानलेसवाडी वसली. माझ्या नावानं अजून फक्त बँकेचं पासबुक आहे. 1962 पासून सरकारी मेडिकल कॉलेजही आहे. कर्नाटकातून पेशंट रेल्वेनं येतात, जंक्शनवर उतरतात आणि रिक्षावाल्याला कुठे दुखतंय एवढंच सांगतात. तो बरोबर त्या अवयवाच्या डॉक्टरच्या दारात नेऊन सोडतो. गुडघा म्हटलं की या रस्त्याला, मूतखडा म्हटलं की त्या रस्त्याला. अख्खा माणूस तपासणाऱ्या डॉक्टरकडे वळलेली रिक्षा मी अजून पाहिलेली नाही.

जागा मिळाली ती सतारमेकर गल्लीच्या तोंडाशी. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा गल्लीची शान काय विचारता. पलीकडच्या दुकानात दिवसभर जवारी काढणं आणि तरफा लावणं चालू असतं. मी पेशंटच्या छातीला स्टेथोस्कोप लावला की ठोक्यांच्या मागे षड्ज लागतो. एका आजोबांनी घाबरून विचारलं, "डॉक्टर, आत काही वाजतंय का?" म्हटलं, "वाजतंय, पण शेजारी."

दवाखाना म्हटला की आधी पाटी. डॉक्टरांच्या वागणुकीची 2002 ची एक नियमावली आहे. तिच्यानुसार पाटी अवाच्या सवा मोठी असता कामा नये आणि तिच्यावर नाव, पदवी, विशेष विषय आणि नोंदणी क्रमांक यापलीकडे फारसं काही लिहायचं नाही. औषधाच्या दुकानावर तर पाटी लावायचीच नाही. हे मी फ्लेक्सवाल्याला समजावत होतो.

"फोटो कुठला टाकायचा?"

"फोटो नाही टाकायचा."

"का वो? चेहरा बरा हाय की. मागं हार्ट टाकतो लालभडक, बाजूला दोन सुया, वर 'रुग्णसेवा हीच ईश्वरसेवा'."

"नाव, डिग्री, रजिस्ट्रेशन नंबर. बास."

त्यानं माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "मग दवाखाना चांगला हाय हे कळणार कसं?" नियमावली मी दोनदा चाळली. या प्रश्नाचं उत्तर तीत नाही.

मित्रांना मात्र कुठलीच नियमावली लागू नसते. उद्घाटनाच्या आदल्या रात्री त्यांनी चौकात फ्लेक्स ठोकला. 'गोरगरिबांचे कैवारी' असं मोठ्या अक्षरात, खाली शुभेच्छुकांचे हारीनं फोटो, मधोमध गॉगल लावलेला तालमीचा अध्यक्ष आणि कोपऱ्यात पासपोर्ट आकाराचा मी. वैद्यक परिषदेच्या भीतीनं तो फ्लेक्स मी हातापाया पडून उतरवायला लावला. तोवर दोन बायकांनी गॉगलवाल्याला रस्त्यात गाठून गुडघा दाखवला होता. त्यानं म्हणे शेक घ्यायला सांगितलं, आणि गुण आला.

उद्घाटनाला सत्यनारायण घातला. भेट म्हणून भिंतीवरची घड्याळं इतकी आली की पेशंट कुठल्याही कोपऱ्यात बसला तरी त्याला वेळ कळावी. आत्या आशीर्वाद द्यायला पुढे आली, "तुझा दवाखाना असाच माणसांनी भर..." म्हणाली आणि थबकली. मग सावरून, "म्हणजे, कुणाला काही न होता भरू दे," असं म्हणाली. एकानं तीर्थ घेता घेता सहज बीपी बघायला सांगितलं. त्याचं बघितलं म्हटल्यावर रांगच लागली. प्रसादाचा शिरा खाऊन शुगर बघायला बसलेल्यांना मी उपाशीपोटी यायला सांगितलं, तर मंडळी दुसऱ्या दिवशी सकाळी खरोखरच उपाशीपोटी आली. आणि नाश्ता माझ्याकडे करून गेली.

खरा दवाखाना चालवतात त्या मावशी. पूर्वी एका मोठ्या डॉक्टरांकडे वीस वर्षं होत्या, त्यामुळे अनुभव त्यांना आहे, पदवी मला. पहिल्या आठवड्यात एक गृहस्थ दारात आले. त्यांचा घसा बसला होता. मी आनंदानं उठून उभा राहिलो, तर मावशींनी मला डोळ्यांनी खाली बसवलं आणि त्यांना बाकड्यावर.

"बसा. डॉक्टर आत बिझी आहेत."

मी आत एकटाच. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी नुसत्या आवाजासाठी ड्रॉवर उघडला, बंद केला. बाहेर गृहस्थ घसा खाकरतायत. अखेर मावशींनी त्यांना आत सोडलं. ते गेल्यावर मी म्हटलं, "मावशी, आजारी माणसाला असं ताटकळत कशाला ठेवायचं?"

"आल्या आल्या आत सोडलं तर त्याला वाटतं, हितं कुणी येतच न्हाई."

"पण खरंच कुणी येत नाही."

"ते त्याला कशाला सांगायचं?"

पुढे मावशींनी यात कमालच केली. औषध कंपन्यांचे एमआर येतात. त्यांना त्या लगेच आत न सोडता बाहेर बसवून ठेवतात. टाय लावलेली, बॅग मांडीवर घेतलेली तीन-चार माणसं बाकड्यावर बसलेली असली की रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटतं, दवाखाना तुफान चालतोय. एमआर बिचारे सगळ्यात नियमित. त्यांच्याकडून पूर्वी डॉक्टरांना काय काय मिळायचं याच्या कहाण्या ज्येष्ठ मंडळी सांगतात. भेटवस्तूंवर बंदी घालणारी नवी कडक आचारसंहिता 2024 मध्ये आली आणि मी दवाखाना काढला तो त्यानंतर. माझ्या वाट्याला आलं ते एक पेन. तेही सही करताना थांबतं.

दवाखान्यातला कचरा हा तर स्वतंत्र अध्याय. 2016 च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनुसार पिवळी पिशवी, लाल पिशवी, सुयांसाठी टोचून न फुटणारा पांढरा डबा आणि काचेसाठी निळा खोका, असं सगळं मी पहिल्या दिवसापासून मांडलं. कोपरा इतका रंगीत दिसायला लागला की लहान मुलं रडायची थांबतात. कचरा न्यायला संस्थेची गाडी आली. माणसानं पिवळी पिशवी हातात धरून हलवली.

"काय आहे यात?"

"कापसाचा बोळा."

"एकच?"

"एकच."

त्यानं पिशवीला गाठ मारली, वजन केलं, काटा हलला नाही. "चार्ज महिन्याचाच असतो, साहेब." व्यवसाय करही तसाच, वर्षाला 2500, व्यवसाय होवो न होवो.

ईसीजी मशीन घ्यावं म्हणून बँकेत गेलो. ज्या शाखेचा मी आधीच 29 लाखांनी देणेकरी, तीच शाखा. साहेब म्हणाले, "तीन वर्षांची इन्कम टॅक्स रिटर्न्स आणा."

"साहेब, तीन वर्षांपूर्वी मी वॉर्डात सलाईन लावत होतो."

"मग तीन वर्षांनी या."

बाहेर पडतो तोच फोन. त्याच बँकेच्या कॉल सेंटरमधून एक मधाळ आवाज म्हणाला, मी डॉक्टर असल्यानं माझ्यासाठी 50 लाखांचं खास कर्ज मंजूर झालंय. मी तसाच मागे वळलो आणि साहेबांना ही आनंदाची बातमी दिली. ते म्हणाले, "तो विभाग वेगळा." सीए झालेल्या मित्रानं वेगळीच आशा दाखवली. शैक्षणिक कर्जाचं जे व्याज भरतो, त्याची जुन्या करप्रणालीत पूर्ण वजावट मिळते, आठ वर्षं. म्हटलं, वा, मग माझा कर किती वाचेल? तो म्हणाला, "वाचायला आधी बसावा लागतो."

हेच बँकेतले साहेब पुढे एका संध्याकाळी घसा धरून दवाखान्यात आले. तपासलं, औषध दिलं. उठताना म्हणाले, "आपल्यात काही सवलत?" मी म्हटलं, "व्याजात काही होईल का?" ते हसले. "ते माझ्या हातात नाही हो, सिस्टीममध्ये असतं." मी मावशींकडे बोट केलं. "फीचंही तसंच आहे, साहेब. सिस्टीम बाहेर बसलीय." सिस्टीमनं पूर्ण शंभर घेतले आणि सवलत म्हणून दहा रुपयांची आल्याची वडी हातावर ठेवली.

असे पैसे देणारे थोडे. फुकटचा वर्ग मोठा आणि त्यात पोटजाती अनेक. डॉक्टरांनी इतर डॉक्टरांवर आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्या जवळच्या कुटुंबीयांवर मोफत उपचार करणं हा आनंद आणि बहुमान मानावा, असं त्याच 2002 च्या नियमावलीत आहे. ही तरतूद ज्यानं कुणी लिहिली तो मिरजेला कधी आला नसावा. इथे दगड फेकला तर डॉक्टरच्या नातेवाइकाला लागेल आणि तो ड्रेसिंगला माझ्याकडे येईल. बरं, नियमात फक्त कुटुंबीय आहेत. व्यवहारात कंपाउंडरचा साडू, लॅबवाल्याची भाची, आणि 'माझा भाऊ पुण्यात डेंटल करतोय' म्हणणारा रूममालक हे सगळे त्यात धरले जातात.

दुसरी जात रिपोर्टवाल्यांची. मोठ्या स्पेशालिस्टला हजार रुपये देऊन तपासून घ्यायचं, मग फाइल घेऊन माझ्याकडे यायचं. "बघा जरा, त्यांनी बरोबर लिहिलंय का." पंधरा मिनिटं मी फाइल वाचतो, समजावून सांगतो. माणूस समाधानानं उठतो. मी खिशाकडे बघतो, तो दाराकडे बघतो. "नाही, नुसतं विचारायचंच होतं, औषध कुठं दिलंय?" शंभर रुपये गोळीचे असतात, डोक्याचे नसतात, हे आमच्याकडे पक्कं आहे. तिसरी जात लग्नकार्यातली. अक्षता पडल्या की बुफेच्या रांगेत माझ्या पुढचा गृहस्थ वळतो, जिलबीची ताटली डाव्या हातात घेतो आणि उजव्या हाताच्या बोटावरचा फोड माझ्या वरणभातावर धरून विचारतो, "हे काय असेल हो?" व्हॉट्सॲपवाल्यांना तर मी ओळखतो ते त्यांच्या जिभांवरून. चेहरे मी बघितलेले नाहीत.

फी मागायची लाज वाटते ती वेगळीच. कॉलेजात शरीराचं एकेक हाड घोकून घेतलं, पण 'शंभर झाले' हे दोन शब्द कसे उच्चारायचे याचं प्रात्यक्षिक कुणी घेतलं नाही. माझ्या तोंडून ते बाहेर पडतात तेव्हा आवाज असा येतो की पेशंटला वाटतं, त्याचा रिपोर्ट वाईट आलाय.

एका लॅबवाल्यांनी मार्ग दाखवला. खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाले, "डॉक्टर, आपलं टक्केवारीचं काय ते बोलून घेऊ." कट घेणं नियमाविरुद्ध आहे, आणि तो पेशंटच्या खिशातून जातो, हे मी त्यांना बाणेदारपणे ऐकवलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "मग हप्ता कसा फेडता?" मी त्यांना उठवलं. रात्री जेवताना हा पराक्रम आईला सांगितला. ती म्हणाली, शाब्बास. मग अंथरुणावर पडल्यावर मी फक्त कुतूहल म्हणून त्या टक्केवारीचा गुणाकार केला. झोप उशिरा लागली.

समाजाचा मात्र माझ्या श्रीमंतीवर गाढ विश्वास आहे. गणेशोत्सवाची वर्गणी किराणा दुकानाला 501 आणि मला पावती 5001 ची, तीही आधीच फाडलेली. "डॉक्टर, तुम्हाला काय कमी?" भाजीवालीसुद्धा गळ्यातला स्टेथोस्कोप बघून गवारीचा भाव वाढवते, म्हणून तो आता डब्याच्या पिशवीत ठेवतो. मामांनी एक स्थळ आणलं. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "दवाखाना स्वतःचा?" म्हटलं, भाड्याचा. "घर स्वतःचं?" म्हटलं, बँकेचं. "मग तुमचं असं काय आहे?" आई मध्येच म्हणाली, "हातगुण आहे हो." ते लोक पोहे संपवून गेले.

आमच्या धंद्यात सीझन असतो. पाऊस सुरू झाला की व्हायरल, मग साचलेल्या पाण्याचा डेंग्यू, थंडीत दमेकरी. मार्च-एप्रिल कोरडे. जूनमध्ये आभाळाकडे शेतकऱ्याच्या खालोखाल मीच बघतो. पण खोटं सांगत नाही, पाऊस पडला की पहिला मीच गल्लीत ओरडत फिरतो, बॅरल रिकामे करा, कुंड्यांखालच्या ताटल्या ओता, टाक्यांना झाकणं घाला. डॉक्टर म्हणून ते करावंच लागतं. करताना माझ्या आत बसलेला कर्जदार मात्र प्रत्येक ओतलेल्या बादलीबरोबर हळहळतो. गेल्या पावसाळ्यात गल्लीनं माझं इतकं ऐकलं की डेंग्यूचा एकही पेशंट निघाला नाही. नगरसेवकांनी माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. नारळाची आईनं बर्फी केली. शाल बँक घेत नाही, विचारून बघितलं.

एवढ्यावर थांबेल तो समाज कसला. रोज कुणीतरी विचारतंच, "नुसतं एमबीबीएस? एमडी कधी?" परवा एका काकांनी फार मनापासून सल्ला दिला. "अरे, नुसत्या एमबीबीएसला आजकाल कोण विचारतंय? एमडी कर. कर्ज मिळतं त्याला." मी त्यांचं बीपी बघत होतो, फुकट. पट्टा जरा जास्तच आवळला गेला असावा.

हे वाचून कुणाला माझी दया आली असेल तर कृपा करून पत्ता विचारू नका, जाहिरात केल्यासारखं होईल आणि ती नियमात बसत नाही. तुमच्याही गल्लीत कुणी नवा डॉक्टर कोऱ्या खुर्चीत एकटाच ड्रॉवर उघडबंद करत बसलेला असेल. बाहेर दहा मिनिटं बसवून ठेवलं तर रागावू नका, बसा. आणि उठताना "किती झाले?" हे तुम्हीच विचारा, त्याला स्वतःहून सांगवत नाही.